बिनबर्फाचा ट्रे

१

क्लाइव्ह ऑस्टलरने पेटी उघडली, तेव्हा काळ्या मखमलीत दगडाच्या आकाराचा खळगा तेवढा उरला होता.

तो ओरडला नाही. त्याने पेटी मिटली आणि पुन्हा उघडली, जणू दुसऱ्या खेपेला खळगा भरलेला सापडेल. मग तो म्हणाला, "डीन, दारं लावून घे."

"दारं कशाला?" डीन प्रिडो म्हणाला. तो आमच्या सेलिंग क्लबचा मॅनेजर. "बाहेर बघ की जरा. जाणार कोण आहे?"

ते खरं होतं. आमचा क्लब केर्न्स शहराच्या खाडीकाठी, खारफुटीच्या अगदी कडेला आहे. त्या शुक्रवारी उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच संध्याकाळी एकमेकांना भेटले होते. गाड्या उभ्या करायची जागा पाण्याखाली गेली होती आणि शहराकडे जाणारा रस्ताही दिसेनासा झाला होता. थोड्या वेळापूर्वी त्या पाण्यात दिव्याच्या खांबाजवळ एक मगर दिसली. "मगर" हा शब्द ऐकताच पाहुण्यांनी बारामुंडी माशाची ताटं तशीच टाकली आणि मोबाइल घेऊन सगळे व्हरांड्याकडे धावले. क्लाइव्हही धावला. पेटी टेबलावरच राहिली.

सगळे परतले, तेव्हा त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटी रोविना उभी होती. ती आमच्या स्वयंपाकघराची मुख्य. उष्ट्या बशा गोळा करायला बाहेर आली होती.

खरं सांगायचं तर मीही आतच होतो. कोपऱ्यात जुन्या पुस्तकांचं एक कपाट आहे. एक ठेवा, एक न्या, असा त्याचा व्यवहार. ते कपाट मी सांभाळतो, आणि सगळे धावले तेव्हा त्याच्या आडोशाला जाऊन वाचत बसलो होतो. पण मी तिथे आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं. उठून सांगावं, असं मनात आलं. माझ्या मनात येणं आणि माझं उठणं यांत नेहमीच बरंच अंतर असतं. तेवढ्या वेळात क्लाइव्हचं बोट रोविनाकडे वळलं होतं.

२

क्लाइव्हचं एस्प्लनेडवर, समुद्रकाठच्या रस्त्याला, ओपल या रत्नांचं दुकान आहे. शुक्रवारी हॉटेलांतून पाहुण्यांची गाडी भरून क्लबवर येते. सूर्यास्त, मासे, बिअर, आणि शेवटी क्लाइव्हचा दगड. तो दगड विकायचा नसतो. तो पाहून लोकांनी दुसऱ्या दिवशी दुकानात यावं, एवढ्यासाठी असतो. आणि खरोखर पाहण्यासारखा आहे. तपकिरी खडकाच्या पाठीवर निळा-हिरवा रंग असा हलतो की, दगडात पाणी आहे असं वाटावं.

त्या दगडाची एक गोष्टही आहे. क्विल्पीच्या रानात, भर उन्हाळ्यात, क्लाइव्हने स्वतः खड्डा खणला, आणि शेवटच्या दिवशी, पाणी संपत आलेलं असताना, हा हाती लागला. आम्ही सभासदांनी ती इतक्या वेळा ऐकली आहे की, कुठे थांबून तो घोट घेणार तेही आम्हांला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी बॅलरॅटहून आलेल्या एका बाईने विचारलं, "एवढ्या खोल खड्ड्यात तुम्ही एकटेच होतात?"

"एकटाच," क्लाइव्ह म्हणाला. "मी आणि माश्या."

लोक हसले. माझ्यासमोर बेव्हन ट्रेगो बसला होता. तो हसला नाही. त्याने आमच्या बुद्धिबळाच्या पटावरचा उंट उचलला आणि होता तिथेच परत ठेवला.

बेव्हन माझा मित्र. मित्र या शब्दाचं अनेकवचन मला कधी वापरावं लागलेलं नाही. मी वाचनालयातून निवृत्त झालो आणि तो बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यातून. बायको, आयरिस, गेल्यापासून तो क्लबच्या धक्क्याला बांधलेल्या आपल्या बोटीवरच राहतो. तिथे ना शेगडी आहे ना फ्रीज, त्यामुळे तो जेवतो क्लबात. आम्ही दोघं बुद्धिबळ खेळतो, आणि तो जिंकतो. त्याच्या बोटीत खिडकीजवळ पाण्याने भरलेली एक बरणी आहे. तिच्यात रंगीत खडे असतात. पाण्यात कशाला ठेवलेत, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "कोरडे पडले की रुसतात."

क्लाइव्हची गोष्ट सुरू होण्याआधी आणखी एक गोष्ट झाली होती. रोविनाने सोडतीचे तीन ट्रे आणून बारशेजारच्या टेबलावर मांडले होते. दर शुक्रवारी आमच्याकडे मांसाची सोडत असते. एका ट्रेमध्ये कोळंबी, एकात स्टेक, एकात सॉसेज, आणि प्रत्येकावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलेलं. पहिले दोन बर्फावर होते. तिसरा नुसत्या लेट्यूसच्या पानांवर.

"सॉसेजला बर्फ नाही?" डीनने विचारलं होतं.

"तुमच्या पाहुण्यांनी सगळा बर्फ प्यायला, सर," रोविना म्हणाली होती. "सॉसेज सोसतील तासभर. त्यांनी आयुष्यात याहून वाईट पाहिलंय."

हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकलेलं नीट लावणं मात्र मला कधीच जमलेलं नाही. वाचनालयातल्या रहस्यकथा मी सगळ्या वाचल्या, आणि खुनी एकदाही ओळखला नाही.

३

डीनने पोलिसांना फोन केला. पलीकडच्या सार्जंटने सांगितलं की, ओहोटी लागून रस्ता मोकळा होईपर्यंत गाडी येणार नाही, तोवर कुणाला हलू देऊ नका.

"हलू देऊ नका म्हणे," डीन फोन ठेवून म्हणाला. "ते मगरीने आधीच सांगितलंय."

पावसाचे सपकारे आत येत होते म्हणून खिडक्या बंद करून घेतल्या. थोड्याच वेळात हवेला उकडलेल्या माशाचा आणि ओल्या कपड्यांचा वास आला. पंखे तीच हवा फिरवत राहिले. पायऱ्यांवर पाणी चढत होतं. बॅलरॅटच्या बाईचं विमान सकाळचं होतं, आणि ती दर थोड्या वेळाने काचेला नाक लावून एवढंच म्हणत होती, "अजून एक पायरी गेली."

झडती झाली. सगळ्यांनी पिशव्या उघडल्या, खिसे उलटे केले, सभासदांनीसुद्धा. कुणाकडे काही निघालं नाही. मग डीन आणि क्लाइव्ह स्वयंपाकघरात शिरले.

"आधी फ्रीजर," क्लाइव्ह म्हणाला. "देव करो आणि तिथे नसो. ओपलला एकदम थंडी लागली की जाळं पडतं तड्यांचं. मग तो दगड कागद दाबून ठेवायच्या लायकीचा."

फ्रीजर पाहिला, पिठाचे डबे पाहिले, कचऱ्याचे डबे उपडे केले. वरच्या मजल्यावर रोविनाची खोली आहे, तिथला पलंगही उलटा केला. ती दारात हात छातीशी बांधून उभी राहिली. तिच्या उशीखालून तिच्या मुलाचा फोटो निघाला. डीनने तो दोन्ही हातांनी परत ठेवला, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन.

नंतर डीन आणि रोविना पुस्तकांच्या कपाटाजवळ येऊन बोलले. मी पुन्हा मागे जाऊन बसलो होतो, आणि याही वेळी ते कुणाला दिसलं नाही.

"हे बघ रोविना, मी तुला चोर म्हणत नाहीये."

"मग काय म्हणताय, सर?"

"क्लाइव्ह कमिटीवर आहे. दगड सापडला नाही तर तो तक्रारीत तुझं नाव घालणार. आणि पोलिसांत नाव असलेल्या बाईच्या व्हिसासाठी क्लबने सही करायची, हे कमिटी मला करू देणार नाही."

"तुमची सही गेली की मला देश सोडावा लागतो."

"ठाऊक आहे."

"कायमचे कागद या महिन्यात यायचेत. मुलाला सांगून बसलेय की, पुढची शाळा इथे."

"ठाऊक आहे गं," डीन म्हणाला, आणि निघून गेला.

ती तिथेच उभी राहिली. मग तिला कपाटाच्या फटीतून माझे बूट दिसले.

"सर लेस," ती वाकून म्हणाली. "तुम्ही इथे होतात? मगर आली तेव्हापासून?"

"हो."

तिचा चेहरा उजळला. "मग तुम्ही पाहिलंत. मी त्या टेबलाजवळ गेलेच नाही, हे पाहिलंत तुम्ही."

"मी वाचत होतो, रोविना," मी म्हणालो.

४

पाहुणे चिडायला लागले तसा डीनने मला इशारा केला. "प्रोफेसर, सोडत घ्या. लोकांना काहीतरी उद्योग पाहिजे."

मी प्रोफेसर नाही. चष्म्यामुळे मला ते नाव पडलं. आणि सोडतीचे आकडे मी पुकारतो, कारण कमिटीच्या ज्या बैठकीत ते ठरलं तिथे नाही म्हणायला मला वेळेत जमलं नाही. माइकवर मला आकड्यांशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. आकडे वाचायचे असतात, म्हणून ते जमतं.

मी चिठ्ठ्यांचं पिंप फिरवलं. कोळंबी बेव्हनला लागली. स्टेक बॅलरॅटच्या बाईला लागला. तिने तो लगेच परत दिला.

"हॉटेलच्या खोलीत स्टेकचं काय करू? इस्त्रीखाली भाजू?"

हॉटेलातले पाहुणे ट्रे परत देतात आणि आम्ही पुन्हा चिठ्ठी काढतो, हे आमच्याकडे ठरलेलंच आहे. दुसऱ्यांदा तो डीनच्या शेजाऱ्याला गेला. शेवटी सॉसेज म्हाताऱ्या नेव्हिलला लागलं.

"वीस वर्षं तिकिटं घेतोय," नेव्हिल म्हणाला, "आणि दर वेळी सॉसेज. कोळंबीने माझा पत्ताच हरवलाय."

"घे माझी," बेव्हन म्हणाला. "बदलू. माझ्या बोटीला आधीच काय कमी वास आहे?"

नेव्हिल त्याच्याकडे बघतच राहिला. "कोळंबीच्या बदल्यात सॉसेज? डोकं ठिकाणावर आहे ना, बेव्ह?"

"घेतोस की परत घेऊ?"

नेव्हिलने ट्रे पोटाशी धरला. सगळे हसले, कुणी बेव्हनची पाठ थोपटली. त्या कोंदट खोलीत तेवढाच एक चांगला क्षण होता. मलाही बेव्हनचा अभिमान वाटला, लिहून ठेवावा इतका.

मग मी जागेवर येऊन बसलो, आणि रोविनाचं वाक्य पुन्हा ऐकू यायला लागलं. तुम्ही पाहिलंत ना. मी त्या खोलीतला एकमेव साक्षीदार होतो आणि मी काही पाहिलं नव्हतं. निदान आता विचारावं तरी. विचारायला धैर्य लागतं, पण म्हाताऱ्या माणसाने काही विचारलं तर लोक दया म्हणून उत्तर देतात, त्याचा उपयोग करून घेतला.

५

आधी रोविनाकडे गेलो. ती भांडी घासत होती, घासलेलीच.

"ट्रे बाहेर आणलेस ते क्लाइव्हने पेटी उघडायच्या आधी?"

"आधी. त्याची खड्ड्याची गोष्ट चालू होती तेव्हा मी परत आत होते."

"नंतर हात लावलास?"

"सोडतीत उचलून दिले तेवढाच. मेली लाजच वाटली मला." तिने हात पुसले. "सॉसेजवरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात सुटलेलं. मी कधी असं बांधत नाही, सर. मी खालून दोनदा दुमडते. लोक म्हणतील, चोरही आहे आणि गबाळीही."

मग क्लाइव्ह. तो रिकाम्या पेटीपुढे बसला होता. त्याला म्हणालो की, दगड कुठेही असला तरी त्याला काही होऊ नये. तो एकदम मऊ झाला.

"घेणाऱ्याला काय कळतंय, लेस? सामान्य माणूस मिळेल तिथे कोंबतो. बर्फात टाकला असेल तर संपलं."

"हे कुणाला माहीत असतं? बर्फाचं?"

"ज्याने तो धंदा केलाय त्याला. किंवा खाणीवर दिवस काढलेत त्याला. इथे माझ्याशिवाय कोण आहे तसं?"

माझ्या डोक्यात एक विचार येऊ पाहत होता, आणि मी त्याला दार उघडत नव्हतो.

नेव्हिल कोळंबी मोजत बसला होता. "बेव्ह देवमाणूस आहे," तो म्हणाला. "नेहमी ट्रे परत देतो तो. लागला की दिला. पहिल्यांदाच काहीतरी ठेवलंय बिचाऱ्याने, आणि तेही सॉसेज."

विचार आत आला.

ट्रे तीन होते. झडती होणार, बाहेर पडता येणार नाही, हे ज्याला त्या धांदलीत सुचलं, त्याने दगड हाताशी असलेल्या मांसात लपवला. क्लाइव्हच्या टेबलाकडून बारकडे जाताना सगळ्यांत आधी कोळंबीचा ट्रे लागतो, मग स्टेकचा. ते दोन्ही ओलांडून हात गेला तो सॉसेजपर्यंत, एकट्या बिनबर्फाच्या ट्रेपर्यंत. रोविना असती तर तिला सबंध स्वयंपाकघर होतं, आणि तिने प्लास्टिक खालून दोनदा दुमडलं असतं. क्लाइव्ह असता तर त्याने सॉसेज नेव्हिलच्या हातात जाऊ दिलं नसतं.

आणि ज्याच्या बोटीवर शेगडी नाही, फ्रीज नाही, ज्याने आजवर प्रत्येक ट्रे परत दिला, त्याने कोळंबी देऊन सॉसेज घेतलं होतं. त्याच माणसाच्या खिडकीत पाण्याने भरलेली बरणी होती.

मी चुकत असेन, असं मी स्वतःला सांगितलं. मी नेहमी चुकतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला चुकायची मनापासून इच्छा होती.

६

बेव्हन पटापाशी बसला होता. ट्रे त्याच्या खुर्चीखाली होता, दोन्ही पायांच्या मध्ये.

"तुझी खेळी," तो म्हणाला.

मी घोडा हलवला. कुठे हलवला ते आठवत नाही.

"वजीर देतोयस, लेस."

"तुझ्या बरणीतले खडे," मी म्हणालो. "ते ओपल आहेत?"

त्याने वजीर घेतला नाही. बाहेर बेडकांचा आवाज इतका होता की, पाणी आत आल्यासारखं वाटत होतं.

"तू कधीच खुन्याला ओळखत नाहीस म्हणाला होतास," तो हळूच म्हणाला. "शेवटचं पान उलटेपर्यंत."

"मला वाटतंय मी चुकतोय. तसं सांग."

"नाही चुकत." तो पुढे झुकला. "तो खड्डा मी खणलाय. क्लाइव्ह तेव्हा क्विल्पीच्या गावात टायर विकायचा. मी खाली होतो आणि वर रहाटावर दोर धरून आयरिस उभी होती. चाळीस फूट. मला दगडासकट वर ओढलं तिने. हाताची सालटं निघाली होती. नंतर पाणी संपलं, गाडीचा टायर फुटला. क्लाइव्हने एक टायर दिला आणि बिअरचा खोका, आणि दगड घेतला. मी दिला. ते राहू दे. सौदा तो सौदा."

"मग?"

"मग त्याने दुकान काढलं आणि मी धक्क्यावर आलो. दर शुक्रवारी तो सांगतो, मी खणला. म्हटलं, सांगू दे, विकायला गोष्ट लागते. पण आज म्हणाला, एकटाच. मी आणि माश्या." त्याने उंट मुठीत धरला होता. "आयरिसला माश्यांत जमा केलं त्याने. मग मगर आली, सगळे धावले, आणि पेटी तिथेच होती. मी ठरवलं नव्हतं, लेस. हात गेला."

"परत ठेव. आत्ता. मी लोकांना काचेकडे नेतो, मगर आहे म्हणतो."

"तू म्हणणार? तुला बोलता तरी येईल?" तो थोडा हसला. "नाही ठेवत. पाणी उतरलं की मी बोटीवर जाईन. सार्जंटला काही सापडणार नाही. कुणावर काही सिद्ध होणार नाही."

"सिद्ध व्हायची गरजच नाही. तक्रारीत रोविनाचं नाव आलं की डीन सही काढून घेणार. ती मुलाला सांगून बसलीय."

हे त्याला ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावरून कळलं. पण त्याचे पाय ट्रेपासून हलले नाहीत.

"माझ्याकडे आयरिसचं दुसरं काही उरलेलं नाही," तो म्हणाला. "तू सांगणार आहेस त्यांना?"

"मला लोकांसमोर बोलता येत नाही. तुला माहीत आहे."

"मग नको बोलूस."

काचेजवळून बॅलरॅटची बाई म्हणाली, "पायरी दिसायला लागली. उतरतंय पाणी."

७

मी उठलो. खोलीच्या एका टोकाला माझा एकुलता एक मित्र बसला होता. दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराच्या झरोक्यात रोविनाचा चेहरा होता. मधे सोडतीचं पिंप. मला माइकवर आकड्यांशिवाय काही बोलता येत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे.

मी माइक चालू केला. तो किंचाळला, सगळ्यांनी वळून पाहिलं.

"एक ट्रे परत आलाय," मी म्हणालो. "सॉसेजचा. पुन्हा चिठ्ठी काढतोय."

मग नेव्हिल म्हणाला, "बघा, मी काय सांगत होतो? ठेवायचं जमतच नाही बेव्हला."

"सॉसेजसुद्धा दिलं परत," कुणी तरी म्हणालं. टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. पाणी उतरतंय या आनंदात त्यांनी कशालाही टाळ्या वाजवल्या असत्या. सगळी डोकी बेव्हनकडे वळली, सगळी हसरी.

बेव्हन हलला नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी पिंप फिरवायला लागलो. ट्रे दिला नाही, तर आजवर प्रत्येक ट्रे परत देणारा बेव्हन सॉसेजला का चिकटलाय, हे सगळ्या खोलीला दिसणार होतं. दिला, तर चिठ्ठी निघेल त्याच्या घरी तो दगड जाणार होता. तिसरी वाट मी ठेवली नव्हती. मी फिरवत राहिलो. चिठ्ठ्यांचा खसखस आवाज येत होता. हात दुखायला लागला, तरी थांबलो नाही. थांबलो असतो तर आकडा वाचावा लागला असता.

"प्रोफेसर, लोणी काढताय का?" डीन म्हणाला.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बेव्हनने ट्रे उचलला आणि तो माझ्याकडे आला नाही. क्लाइव्हच्या टेबलाशी गेला. सुटलेल्या कोपऱ्यातून दोन बोटं आत घातली, लेट्यूसचं पान उलगडलं, आणि दगड मखमलीच्या खळग्यात ठेवला. निळा रंग एकदा हलला.

टाळ्या थांबल्या होत्या.

"रोविनाने नाही घेतला," बेव्हन म्हणाला. त्याला माइक लागला नाही. "मी घेतला. पोरीचा काही संबंध नाही, डीन, ऐकतोयस ना? आणि बाई," तो बॅलरॅटच्या बाईकडे वळला, "तुम्ही विचारलंत ना, खड्ड्यात एकटाच होता का? खड्ड्यात क्लाइव्ह नव्हताच. मी होतो. वर दोर माझ्या बायकोने धरला होता. आयरिस तिचं नाव."

क्लाइव्हने दगड दिव्याखाली धरला. उलटा केला, सुलटा केला. तो बेव्हनला खोटं पाडेल म्हणून मी वाट पाहत होतो.

"तडा नाही," तो एवढंच म्हणाला.

"बर्फात ठेवला नव्हता," बेव्हन म्हणाला.

"ते दिसतंय." क्लाइव्हने पेटी मिटली. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. सार्जंटला काय सांगायचं ते त्याचं तो ठरवणार होता. डीन स्वयंपाकघराच्या झरोक्यापाशी गेला, खाली मान घालून काहीतरी म्हणाला. रोविनाने ऐकून घेतलं आणि झरोक्याचं दार लावलं.

पाणी उतरायला वेळ लागला. बेव्हन परत पटापाशी येऊन बसला, मीही बसलो. दुसरीकडे कुठे बसायचं ते दोघांनाही सुचलं नाही.

"तुला बोलता येतं की," तो म्हणाला.

"आकडा वाचणार होतो फक्त."

"वजीर घेऊ?"

"घे."

त्याने घेतला. आतून काहीतरी भाजल्याचा वास आला. थोड्या वेळाने रोविना बाहेर आली. सॉसेज आता सोडतीत देता येणार नव्हतं, म्हणून तिने ते भाजलं होतं आणि ती टेबलाटेबलावर वाढत आली. आमच्याकडे येऊन तिने माझ्यासमोर ताट ठेवलं. ताट एक, काटा एक. बेव्हनकडे तिने पाहिलं नाही.

मी ताट पटाच्या कडेने मधोमध सरकवलं.

"नको," बेव्हन म्हणाला. "तिने तुला दिलंय."

बाहेर पाण्यातून हळूहळू येणाऱ्या गाडीचे दिवे दिसले. बेव्हन उठला, शर्ट नीट खोचला, आणि सार्जंटला पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून स्वतःच खाली उतरून गेला. पायऱ्यांवर अजून चिखल होता.

ताट मधोमधच होतं. मी काटा उचलला नाही. झरोक्याचं दार किंचित उघडलं, आणि बऱ्याच वेळाने रोविना येऊन दुसरा काटा ठेवून गेली.